गोफण, फुगडी आणि लोणारची उल्का

लोणारला पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला गाव येईपर्यंत कशाचीच चाहूल लागत नाही. मेहकरची सडक मागे पडते, दोन्ही अंगांना काळी राने लागतात, कुठे तूर, कुठे कपाशी, बांधावर एखादी बाभूळ. आणि मग एकाएकी पायाखालची जमीनच संपते. समोर १.८ किलोमीटर रुंदीचा एक प्रचंड वाडगा उघडा पडलेला असतो. तळाशी खाऱ्या पाण्याचे तळे, तळ्याभोवती झाडीचे कडे आणि झाडीत अर्धी बुडालेली जुनी देवळे. काठापासून तळ १३० मीटरांहून अधिक खाली आहे. वरून बघताना हे अंतर काहीच वाटत नाही. खाली उतरून पुन्हा वर चढले, पोटऱ्या भरून आल्या आणि घशाला कोरड पडली, म्हणजे त्या आकड्याचा अर्थ कळतो.

पुस्तकात वाचलेला आकडा आणि पोटऱ्यांना कळलेला त्याचा अर्थ यांचे नाते काय, एवढाच या लेखाचा विषय आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर शास्त्र पानात वाढले म्हणून वाचकांनी रागावू नये. चिवड्यात मिरची असतेच.

शाळकरी वयात 'उल्का' हा शब्द मला चार ओळींत भेटला. व्याख्या पाठ केली, परीक्षेत लिहिली, मार्क मिळाले. पुढे लोणारच्या काठावर उभा राहिलो तेव्हा ती व्याख्या माझ्या काहीच कामी आली नाही. तो धोंडा किती वेगाने आला असेल? तिरपा आला असेल तर खड्डा असा वाटोळा कसा? आकाशात दगड चालतो तरी कसा, आणि पृथ्वीजवळ आल्यावर त्याची चाल बदलते ती कशी? मला मार्क मिळाले होते, पण उल्का कळली नव्हती. आणि मी काही एकटाच असा विद्यार्थी नव्हतो. आजही बुलढाणा जिल्ह्यातले कितीतरी मूल हा जगातला एक नामांकित खड्डा घरापासून हाकेच्या अंतरावर असताना बाकावर हाताची घडी घालून उल्केची व्याख्या पाठ करते. ही गोष्ट मनाला लागते, म्हणून हा लेख.

* * *

लोणारचे कोडे माणसांनी कसे सोडवले हे आधी पाहू.

पुराणाचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे. लवणासुर नावाचा दैत्य भूमीच्या पोटात दडून राही. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेतले, दैत्याच्या बहिणींकडून त्याच्या बिळाचा ठाव काढला, पायाच्या अंगठ्याने बिळावरचे झाकण उडवून दिले आणि दैत्याला मारले. ते झाकण दूर जाऊन पडले आणि त्याची टेकडी झाली. गावातल्या दैत्यसूदनाच्या देवळात ही कथा आजही मूर्तिरूपाने उभी आहे. कथा म्हणून ती सोडून द्यायची तर द्यावी. पण कथा रचणाऱ्याची नजर विसरू नये. खड्डा आघाताने झाला आणि आतला माल बाहेर दूर फेकला गेला, एवढे त्याने ओळखले होते. आणि त्या आघाताची कल्पना करताना त्याला आठवला तो पाय! माणूस निसर्गातले बळ समजून घ्यायला निघतो तेव्हा पहिले माप स्वतःच्या अंगाचेच घेतो.

अकबराच्या काळी 'ऐन-इ-अकबरी'त अबुल फझलने लोणारची नोंद केली ती इथल्या खारासाठी. काच आणि साबण यांना लागणारा माल इथे मिळतो म्हणून. १८२३ साली जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेचे वर्णन केले. त्यानंतरच्या भूशास्त्रज्ञांनी आजूबाजूचा काळा पाषाण पाहिला आणि ठरवले की हे ज्वालामुखीचे काम. त्यांचा तर्क वावगा नव्हता. सारे दख्खनचे पठारच सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे बनलेले. त्यात एक खड्डा दिसला तर तो ज्वालामुखीचाच असणार!

१८९६ साली अमेरिकेतले भूशास्त्रज्ञ गिल्बर्ट यांनी लोणारची तुलना अ‍ॅरिझोनातील एका विवराशी केली. तुलना अचूक होती. पण गंमत अशी की अ‍ॅरिझोनाचे विवर वाफेच्या स्फोटाने झाले असा निर्णय त्यांनी देऊन टाकला. ते विवर उल्केचेच, याचा खडकातला भक्कम पुरावा १९६० साली मिळाला. लोणारची पाळी त्यानंतर आली. तळ्याच्या बुडाशी भोके पाडून खडकाचे नमुने काढले गेले आणि १९७३ साली फ्रेडरिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम् या चौघांनी 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष मांडला. खडकातले स्फटिक अशा दाबाने बदलले होते की जो दाब ज्वालामुखीत होत नाही. वितळून गोठलेल्या काचेचे कण सापडले होते. काळ्या पाषाणात झालेले आघाती विवर म्हणून लोणारचे नाव जगभर गेले. चंद्राचा आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभाग अशाच खडकाचा असल्यामुळे तिथले खड्डे समजून घ्यायला शास्त्रज्ञ बुलढाणा जिल्ह्यात येऊ लागले. विवराचे वय मात्र अजून वादात आहे. एका पद्धतीने ते सुमारे ५० हजार वर्षे येते, तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मोजणीने ५ लाख ७० हजार.

तिरप्या दगडाने वाटोळा खड्डा कसा, याचेही उत्तर याच काळात स्पष्ट झाले. आपण चिखलात तिरपा खडा मारला तर लांबट खळगा पडतो, म्हणून मनाला वाटते की उल्केचाही तसाच पडावा. पण खडा हाताच्या वेगाने जातो; उल्का सेकंदाला दहा-वीस किलोमीटर वेगाने येते. सेकंदाला १८ किलोमीटर वेग धरला तर लोणारचे सारे विवर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ओलांडायला तिला सेकंदाचा दहावा भाग पुरे. अशा वेगाचा दगड जमिनीत रुतत नाही, तो सुरुंगासारखा फुटतो. आणि स्फोट चहूकडे सारखाच पसरतो. म्हणून दगड कुठूनही येवो, खड्डा बहुधा वाटोळाच.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्वालामुखी म्हणणारे विद्वान काय, चिखलातला खळगा आठवणारे आपण काय, दोघेही आपल्या ओळखीच्या अनुभवावरून चाललो होतो आणि दोघेही चुकलो. अनुभव हा गुरू खरा, पण तो फसवणाराही गुरू आहे.

* * *

ही फसवणूक फार जुनी आहे. गाडी ढकलायचे थांबलो की गाडी थांबते, हा आपल्या खांद्यांचा अनुभव. त्यावरून अ‍ॅरिस्टॉटलने सांगितले की ढकलणारा असल्याखेरीज वस्तू चालत नाही. आणि हे मत युरोपात जवळजवळ दोन हजार वर्षे टिकले. उतरत्या फळीवरून गोळे सोडून गॅलिलिओने त्याला धक्का दिला तो सतराव्या शतकाच्या आरंभी.

आपल्याकडे आर्यभटापुढेही असाच पेच होता. पृथ्वी स्थिर आहे ही तर साऱ्या देहाची साक्ष. ४९९ सालच्या 'आर्यभटीया'त त्याने पृथ्वी फिरते असे सांगितले तेव्हा लोकांना ते पटणार कसे? त्याने एक दाखला दिला. नावेत बसून पुढे जाणाऱ्या माणसाला काठावरच्या अचल वस्तू मागे जाताना दिसतात. तसेच अचल तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. दाखल्यातली युक्ती पाहण्यासारखी आहे. देहाच्या एका अनुभवाने केलेली चूक त्याने देहाच्याच दुसऱ्या अनुभवाने दुरुस्त केली. 'माझे ऐका' असे तो म्हणाला नाही. 'नावेत बसून पाहा' असे म्हणाला. तरीही पुढे ब्रह्मगुप्तासारख्या थोर ज्योतिष्याला पृथ्वीचे फिरणे मान्य झाले नाही, ही गोष्ट वेगळी.

दुसरा दाखला आपल्या शेजारच्या मुलखाचा आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढल्याची नोंद त्यात आहे. १९ व्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. याच भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धांतशिरोमणी'त यंत्रांवर एक अध्याय लिहिला. गोल, नाडीवलय, चक्र, घटी अशी यंत्रे एकामागून एक सांगून झाल्यावर त्यांनी एक निराळेच यंत्र सांगितले आहे: धीयंत्र, म्हणजे बुद्धीचे यंत्र. त्यांचे म्हणणे असे की बुद्धिमान माणसाच्या हाती एक साधी काठी असली आणि तो तिच्या रेषेत डोळा धरून पाहू लागला, तर आकाशातले, भूमीवरचे, पाण्यात प्रतिबिंब पडलेले, असे काहीही त्याला मोजता येते. काठी, डोळा आणि बुद्धी. तिघांचे काम एकत्र झाले की यंत्र पुरे झाले.

आता आपण पंडितांना नमस्कार करून शेतात आणि अंगणात येऊ.

ज्वारी निसवली की पाखरे हाकायला माळ्यावर उभा राहणारा राखणदार गोफण फिरवतो. दगड डोक्याभोवती गरगर फिरतो आणि दोरीचे एक टोक सुटताच नीट थव्याकडे जातो. या माणसाला विचारा, दगड नेमका केव्हा सोडावा? पुष्कळांना वाटेल की दगड थव्याच्या समोर आला म्हणजे. तसे केले तर दगड आडवाच जाईल. राखणदार पाव फेरा आधी सोडतो, कारण सुटलेला दगड फेऱ्याच्या रेषेला लागून सरळ निघतो हे त्याच्या मनगटाला ठाऊक असते. दोरीची ओढ आहे तोवर दगड फिरणार. ओढ सुटली की सरळ जाणार. चंद्र पृथ्वीभोवती का फिरतो याचे निम्मे उत्तर या मनगटात आहे. दोरीच्या जागी गुरुत्वाकर्षण घातले की उरलेले निम्मे मिळाले.

आणि फुगडी! दोघी मैत्रिणी हात गुंफून, पाय जुळवून, मागे रेलून फिरू लागल्या की प्रत्येकीला बाहेर फेकल्यासारखे वाटते, आणि प्रत्येकीचे हात दुसरीला आत ओढत असतात. एक थोराड आणि एक किरकोळ असली तर थोराड मुलीचे वर्तुळ लहान होते, किरकोळ मुलीचे मोठे. पृथ्वी आणि चंद्र यांची फुगडी अशीच चालली आहे. पृथ्वी चंद्राच्या ८१ पट जड, म्हणून दोघांच्या फिरण्याचा मध्य पृथ्वीच्या पोटातच, तिच्या केंद्रापासून सुमारे ४,७०० किलोमीटरवर पडतो. मंगळागौरीत घाम गाळून फुगडी घालणाऱ्या मुलीला हे अंगाने कळलेले असते. तिला ते कळले आहे, हे मात्र तिला कोणी सांगत नाही.

* * *

मग शाळेत हे सारे गेले कुठे?

जुन्या पंतोजींच्या शाळेत छडी होती, घोकंपट्टी होती. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरी धूळपाटीवर बोट फिरवून अक्षर गिरवण्यात आणि पावकी-निमकी एका सुरात म्हणण्यात अंगाचा थोडा भाग होता. पुढे इंग्रजी अमदानीत शाळाखाते आले, बाक आले, तासाची घंटा आली. शास्त्र हा विषय आला तो फळ्यावरून वहीत उतरून घ्यायचा म्हणून. 'हाताची घडी, तोंडावर बोट' ही शिस्त झाली. गोफण शाळेच्या कुंपणाबाहेर राहिली.

ही चूक ओळखणारी माणसे आपल्याकडेच निघाली, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची कल्पना पुढे आली. हाताचे काम हेच शिक्षणाचे केंद्र. टकळीवर सूत काढता काढता गणित आणि शास्त्र शिकावे, असा तिचा विचार होता. त्याआधी १९२६ मध्ये गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला होता. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघांच्या साथीने कोसबाडच्या टेकडीवर ते नेले. माँटेसरीबाईंची महागडी साधने आदिवासी पाड्यात कुठून आणायची? त्यांनी खडे, शंख-शिंपले, पाने, बिया घेतल्या. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसले तेव्हा शाळाच कुरणावर गेली. कुरणशाळा हा शब्द मराठीला त्यांच्यामुळे मिळाला. परक्या मुलखातली कल्पना घेताना तिचा जीव घ्यावा आणि कुडी आपली द्यावी, याचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाही.

शास्त्र विषयापुरते बोलायचे तर १९७४ साली मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या छत्राखाली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निघाले. त्या दशकात केंद्राचे एक पहिलेवहिले मोठे काम झाले ते बुलढाण्याच्या शेजारी, जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांना दिसून आले की खेड्यातल्या मुलाची बुद्धी कुठेच कमी नाही. आडवी येते ती पाठ्यपुस्तकाची जडबंबाळ भाषा. भाषा सोपी केली की मूल चालू लागते. त्याच केंद्रातील शमीन पडळकर आणि जयश्री रामदास यांनी पुढे एक पाऊल टाकले. शब्दांइतकेच हातवारेही शिकवतात का, याचा त्यांनी शोध घेतला. विषय होता खगोलशास्त्र, मुले होती महाराष्ट्रातल्या शाळांमधली. हातांनी दिशा दाखवणे, अंग वळवणे, स्वतः पृथ्वी किंवा चंद्र होणे, अशा मुद्दाम योजलेल्या कृती आणि समजावून सांगताना मुलांच्या हातून आपोआप होणारे हावभाव, यांचा अभ्यास त्यांनी २०११ साली प्रसिद्ध केला. आकृती कागदावर सपाट असते आणि आकाश तर चहूकडे पसरलेले. या दोहोंतला पूल अंगाने बांधता येतो, असा त्याचा आशय.

* * *

आता ज्या नव्या विद्येचा सध्या गाजावाजा आहे तिच्याकडे वळू. तिला मिश्र वास्तव म्हणतात. १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर चढवण्याचे एक यंत्र केले. ते घातलेल्या माणसाला खऱ्या खोलीत तारेने विणल्यासारखी खोटी आकृती दिसे, आणि मान वळवली की तीही त्याप्रमाणे वळे. यंत्र इतके जड की ते छताला टांगावे लागे. पुढे १९९४ साली मिल्ग्रॅम आणि किशिनो यांनी या साऱ्या खटाटोपाला 'मिश्र वास्तव' हे नाव रूढ केले. एका टोकाला निव्वळ खरे जग, दुसऱ्या टोकाला निव्वळ यंत्रातले जग, आणि मधे दोहोंची सरमिसळ. थोडक्यात, अंगण खरे आणि त्यात उतरलेला चंद्र यंत्राचा.

या विद्येचा शिक्षणात उपयोग करणाऱ्यांपैकी एक रॉब लिंडग्रेन. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत जो प्रयोग उभा केला त्याचे नावच 'मीटिऑर', म्हणजे उल्का. खोलीएवढ्या जमिनीवर प्रकाशाने आकाश उमटवलेले. त्यात एखादा ग्रह. मुलाने आपली उल्का सोडायची. आणि ती कुठे जाईल हे सांगायचे तोंडाने नव्हे, तर स्वतः उल्का होऊन धावत. यंत्र त्याच्या पावलांचा माग ठेवते. ग्रहाजवळून जाताना मार्ग वाकतो, वेग वाढतो, पलीकडे गेल्यावर तो पुन्हा उतरतो. मूल चुकले तर ते एकीकडे आणि उल्का दुसरीकडे, हे तत्काळ दिसते. मग पुन्हा धाव. २०१६ साली त्यांनी सातवीच्या मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुले अशी धावत शिकली, काही मुले तोच खेळ मेजावरच्या संगणकावर बसून. धावणाऱ्या मुलांना विषय अधिक समजला आणि त्यांची गोडीही अधिक दिसली.

धावल्याने शास्त्र येते, तर आमची कबड्डी खेळणारी मुले सारी न्यूटन व्हायला हवीत, असे कोणी थट्टेने म्हणेल. थट्टेत तथ्य आहे. नुसत्या हालचालीने काही होत नाही. या प्रयोगात मुलाने आधी अंदाज केला, तो अंगाने मांडला, आणि तो चुकला हे अंगालाच कळले. गुपित इथे आहे. हवा आणि घर्षण यांच्या जगात वाढलेल्या आपल्या पायांना आकाशातली चाल कधी भेटत नाही. यंत्राने ती भेट घडवली. आर्यभटाची नाव, भास्कराचार्यांची काठी आणि ही प्रकाशाची जमीन यांचे काम एकच. देहाची चूक देहासमोर मांडायची आणि बुद्धीला जागे करायचे. यंत्र कितीही भारी असो, त्यात धीयंत्र नसेल तर ती नुसती जत्रेतली मौज.

आणि धोका नेमका हाच आहे. चष्मे येतील, पडदे येतील, उद्घाटनाची फीत कापली जाईल, आणि मूल पुन्हा बाकावर बसून डोळ्यांवरच्या चष्म्यातून उल्का नुसती पाहील. मग बदलले काय? पूर्वी पुस्तकातली चार ओळींची व्याख्या होती, आता हलते चित्र आले. मुलाने अंदाज केला नाही आणि ते चुकले नाही, तर कोसबाडच्या टेकडीवर शिंपल्यांनी जे साधले ते लाखाच्या यंत्राने साधणार नाही.

उलट, कल्पना हाती आली तर यंत्रावाचूनही पुष्कळ होईल. आयर्लंडच्या उत्तर भागातील आर्मा वेधशाळेने २००४ मध्ये उघड्या जमिनीवरच ग्रहांच्या कक्षा आखल्या. सारख्या कालावधीची स्थाने फरशांनी दाखवली, आणि माणसे ग्रह होऊन त्यांवरून चालतात. एका तालावर पाऊल टाकताना बुध भरभर पुढे जातो आणि शनी रेंगाळतो, हे तिथे लहान पोरालाही कळते.

आपल्या शाळेच्या मैदानाला याहून काय हवे? मधोमध एक थोराड मुलगा ग्रह म्हणून उभा करावा. एका मुलीने उल्का व्हावे. गुरुजींनी सारख्या अंतराने टाळ्या वाजवाव्यात, तिने आपल्या अंदाजाने ग्रहाजवळून पळत जावे, आणि दर टाळीला तिचे पाऊल असेल तिथे दुसऱ्याने खडा ठेवावा. मग वरच्या वर्गातील मुलांनी गणिताने किंवा संगणकावर काढून ठेवलेला खरा मार्ग फक्कीने आखावा, त्यावरही दर टाळीची खूण करावी. ग्रहाजवळ खुणा दूर दूर पडतील, लांब गेल्यावर जवळ जवळ. खडे एका वाटेने आणि फक्की दुसऱ्या वाटेने गेलेली दिसली की 'असे का?' हा प्रश्न आपोआप येईल. तो प्रश्न आला की गुरुजींनी गोफण काढावी. मग वर्गाची सहल लोणारच्या काठावर न्यावी. लोणारच्या उल्केचा व्यास साठ मीटरच्या आसपास असावा असा एक अंदाज आहे; म्हणजे विवराच्या तिसाव्या हिश्श्याइतकी. मैदानावर एक वीत लांबीचा दगड ठेवून त्याच्याभोवती तीस वितींचे वर्तुळ आखलेल्या मुलांना तो काठ वेगळाच दिसेल.

* * *

दिवाळी आहे, तेव्हा शेवट घरातच करू. लक्ष्मीपूजन झाले, फटाक्यांचा धूर विरला, की मुलाबाळांना घेऊन गच्चीवर किंवा खळ्यात जावे आणि उत्तरेकडे तोंड करावे. या दिवसांत संध्याकाळी सप्तर्षी दिसत नाहीत, पण शर्मिष्ठेची इंग्रजी एम्‌सारखी आकृती वर चढलेली असते. तिच्या खालच्या अंगाला एकटा, मध्यम तेजाचा ध्रुव शोधावा. मग हात ताठ पुढे करून मूठ वळावी, मुठीची खालची कड क्षितिजाला लावावी आणि तिच्यावर दुसरी मूठ ठेवावी. ताठ हाताची एक मूठ म्हणजे आकाशातले सुमारे दहा अंश. लोणारच्या मुलाचा ध्रुव दोन मुठींवर सापडेल, कारण लोणार विषुववृत्तापासून वीस अंशांवर आहे. गोव्यातल्या मावशीला तो दीड मुठीवर दिसेल, दिल्लीच्या काकांना जवळजवळ तीन मुठींवर, आणि लंडनला गेलेल्या आतेभावाला पाच मुठींवर. लहान मुलाची मूठ लहान, पण त्याचा हातही तितकाच आखूड. म्हणून आजोबांचे आणि नातवाचे उत्तर एकच येते.

मुलाला आधी विचारावे, किती मुठी येतील? त्याने काहीतरी सांगावे. मग मोजावे. चुकले तर हसू नये. त्याच घटकेला त्याचे शास्त्र सुरू झालेले असते.